ओशाळलेला हवालदार

पलसाण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस रोज मोबाइलवर एकच मालिका बघायचा. खऱ्या डॉक्युमेंटरीचं सोंग घेतलेली, धांदरट पोलिसांची. चुकीचा माणूस पकडला की त्यातला हवालदार कॅमेऱ्याकडे ओशाळून बघायचा. मागून डोकावणारे हसायचे. हा मात्र न हसता तेवढाच प्रसंग पुन्हा लावायचा. मला वाटलं, हा साध्या कपड्यांतला पोलीसच. त्याच्यादेखत मी आमच्या कंपनीच्या शेठबद्दल वाईट बोलणं बंद केलं.

एकदा विचारलंच, "भाऊ, तुम्हाला हसू नाही येत?"

"आरोपीचं नाव माझ्यासारखंच निघालं म्हणून पोलिसांनी मलाच उचललं होतं. चूक कळल्यावर सोडलं, पण ओशाळलेलं कोणी दिसलं नाही. ते ओशाळणं इथे दिसतं."

"मी तुम्हालाच पोलीस समजत होतो," मी ओशाळून पुटपुटलो.

त्याने मोबाइल खाली ठेवला आणि माझा चेहरा निरखून बघितला.