ज्युनिपरचा वाफसा

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या सांगलीच्या बाल्कनीत मोठा वाद पेटला... वाद माझा आणि सासऱ्यांचा, आणि कारण काय तर एक वीतभर झाड.

झाडाचं नाव ज्युनिपर. देवदारासारखंच थंड डोंगरातलं, सुईसारख्या निळसर पानांचं, पण बुटकं. वाढून वाढून कुंडीभर पसरणार, बस्स. पाचगणीच्या एका नर्सरीत पाहिलं आणि मी तिथंच बसकण मारली. नवरा म्हणाला, "सांगलीच्या उन्हात हे? आधी आपण जगू, मग झाडाचं बघू." मला कुणी 'जमणार नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. घेतलंच.

पहिलं मेलं. दुसरं आणलं, तेही मेलं... आणि मरायची तऱ्हासुद्धा लबाडीची! मुळं कधीच गेलेली असतात, पानं मात्र पुढे कित्येक आठवडे हिरवीच राहतात. मी कुपवाडला एका कारखान्यात तयार पार्ट तपासते. वरून चकाचक माल आतून बाद निघतो हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी फसले.

दुसरं झाड उपसलं तेव्हा मुळं काळी, चिकट, नाकाला झोंबणारा वास. मग शोधाशोध केली, व्हिडिओ पाहिले... सगळीकडे एकच उत्तर. भारी माती, तिच्यात साचलेलं पाणी, आणि त्यावर रोज आणखी पाणी.

खरी पंचाईत इथंच होती. माती आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि पाणीही त्यांच्याच हातचं.

आप्पा उभा जन्म कृष्णाकाठच्या उसात राबलेले. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आमच्या फ्लॅटवर राहायला आले, शेत आता धाकटे दीर बघतात. येताना कपड्यांची एक पिशवी आणि शेतातल्या काळ्याभोर मातीची पोती घेऊन आले. बाल्कनीतली प्रत्येक कुंडी त्यांनी स्वतः भरली. सकाळी तांब्या घेऊन सगळ्यांना पाणी घालायचं, हे त्यांचं दिवसभरातलं एकुलतं एक काम... बाकी मग टीव्ही आणि खिडकी.

तिसरं ज्युनिपर आणलं त्याच दिवशी मी सरळ सांगून टाकलं, आप्पा, याला तुमची माती नको आणि रोज पाणीही नको. आप्पांचा चेहराच उतरला. "ज्या मातीत आमचा ऊस डोक्याच्या वर जातो, तिच्यात ह्ये टीचभर झाड जगंना व्हय?" एवढं म्हणाले आणि आत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तांब्या जागचा हलला नाही... मोगरासुद्धा तहानलेला राहिला. चहा नेऊन दिला तर नुसतं "ठेव."

मला फार वाईट वाटलं. एका कष्टाळू माणसाच्या हातातलं उरलंसुरलं काम मी काढून घेतलं होतं. पण माघार घ्यायची म्हणजे तिसरं झाडही डोळ्यांदेखत मारायचं. झाडही जगवायचं आणि आप्पांनाही बाल्कनीत परत आणायचं, हे मी पक्कं ठरवलं. कसं ते मात्र सुचत नव्हतं...

आठवड्यानं, रविवारी सकाळी दिरांचा फोन आला. आप्पांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. "आप्पा, आजून वापसा न्हाई बगा. आत्ता टॅक्टर घातला तर निस्ती ढेकळं निघतील." आप्पा खुर्चीत सावरून बसले. "मग दम धर की रं. घाई कशापायी?"

वाफसा... रान चिखल नाही आणि कोरडं ठणठणीतही नाही, मातीत ओल आहे आणि हवाही खेळतेय, अशी वेळ. मी साताऱ्याच्या पेठेत वाढले, हा शब्द लग्नानंतरच कानावर पडला. आणि त्या क्षणी लख्ख कळलं... व्हिडिओतला माणूस इंग्रजीत तासभर जे समजावत होता, ते हेच होतं की!

फोन संपल्याबरोबर दुसरं झाड ज्यात मेलं ती कुंडी मी आप्पांपुढे आणून ठेवली. म्हटलं, "आप्पा, या झाडाला कायम वाफसा लागतो. या कुंडीत येतोय का बघा."

आप्पांनी मातीत बोट खुपसलं. आठवडाभर थेंब पाणी घातलं नव्हतं, तरी माती लोण्यासारखी बोटाला चिकटून आली. बराच वेळ ती चोळत राहिले. मग म्हणाले, "रानात ही सोनं हाय. तितं पान्याला खाली मुराया जागा आस्ती. कुंडीत हिला वापसा येनारच न्हाई... आगं, मग आदीच आसं सांगायचं न्हाईस व्हय? मला वाटलं, आमचं सगळंच नको झालं तुमास्नी."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग दोघंही कामाला लागलो. मुरूम, विटांचे बारीक तुकडे, थोडं कोकोपीट, चिमूटभर शेणखत... मी त्यांची ओंजळभर माती घालायला निघाले, तर आप्पाच म्हणाले, "नगं." पाणी ओतलं तसं खालच्या भोकातून भसाभसा बाहेर आलं. नर्सरीच्या पिशवीतलं तिसरं झाड त्यात लावून कुंडी पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवली, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. पाणी कधी घालायचं हे आता फक्त आप्पा ठरवतात... मला तांब्याला हात लावायची परवानगी नाही!

मागच्या आठवड्यात गावची जत्रा झाली. दीर म्हणाले, दोन दिवस राहा की. आप्पा म्हणाले, "न्हाई रं. सकाळी तितला वापसा कोन बगणार?" संध्याकाळच्या एसटीनं परत आले आणि चपला काढायच्या आधी बाल्कनीत जाऊन कुंडीत बोट घातलं.

ज्युनिपरला फिकट निळे कोंब फुटलेत. पण सांगलीचा उन्हाळा अजून पुढे आहे, तगेल की नाही कोण सांगणार... नाही तगलं तर चौथं आणीन, पाचवं आणीन. आप्पांना रान पाहिजे, कुंडीएवढं का असेना.