पाहुणीचं पाणी

नायगावच्या लक्ष्मणरावांनी मुलीचं नाव राजकन्या ठेवलं, तेव्हा राज्य कुठलं याचा त्यांनी विचार केलेला नव्हता. पुढे ते मिळालं. नांदेडला विद्यापीठाच्या वसतिगृहात अर्धी खोली, एक खाट आणि एक पंखा, ज्याचं बटण मैत्रिणीच्या बाजूला. समाजशास्त्रात एम. ए. करणाऱ्या या राजकन्येला मठपती सरांनी आपल्या संशोधन गटात घेतलं, तेव्हा लक्ष्मणरावांनी ती बातमी नायगावच्या बस स्टँडवर इतक्या तपशिलानं सांगितली, की ऐकणाऱ्यांतल्या काहींच्या बस निघून गेल्या.

गट बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करत होता. चन्नबसप्पा मठपती सर भूगर्भशास्त्राचे. मुनीब रसायनशास्त्राचा. मल्लिकार्जुन संगणकाचा, तो नकाशे करायचा. आणि ही. पाण्याला समाजशास्त्र कशाला लागतं, हे तिला गटातल्यांनी, खोलीतल्या मैत्रिणीनं, झालंच तर कँटीनवाल्यानंही विचारून झालं होतं. मल्लिकार्जुन चहा सांगतानासुद्धा म्हणायचा, "तीन सायन्सचे, एक समाजाचा." ती हसायची. हसण्याशिवाय करणार काय? सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, "सहामाही बैठकीपर्यंत बघू. गटाला उपयोग झाला, तर राहा."

उपयोग म्हणून तिला गावोगावचं पाणी आणायचं काम दिलं. "बायांशी बोलायचं हाय, तुलाच जमंल," असं मुनीब म्हणाला आणि बाटल्यांचा खोका तिच्या हातात ठेवून मोकळा झाला.

बैठक दोन दिवसांवर आली होती. प्रयोगशाळेत मुनीब चाकूर तालुक्यातल्या एका गावाचं पाणी तपासत होता. नळीत औषधाचे थेंब टाकायचे; रंग गुलाबी राहिला तर पाणी चांगलं, पिवळा पडला तर फ्लोराइड जास्त. त्या गावच्या सगळ्या नळ्या लग्नातल्या फेट्यांसारख्या गुलाबी.

"वल्ला, काय पानी हाय!" मुनीब म्हणाला. "असलं पानी तर दुकानात विकत मिळतंय."

"मग हे गावही वगळू," सर म्हणाले. "फिल्टरची शिफारस बाकीच्या गावांसाठी जाईल. मल्लिकार्जुन, नकाशात हिरवा रंग दे."

मल्लिकार्जुनचं बोट माऊसवर गेलं. मुनीबचा तो 'विकत' शब्द राजकन्येच्या डोक्यातून हलेना. तिला नागाबाई आठवली. त्याच गावची, हसताना पदर तोंडावर धरणारी, कारण दात तपकिरी पडलेले. गुडघे धरून उठणारी. तिच्या दारात सतरंजीवर बसून राजकन्या म्हणाली होती, "मावशी, जरा पाणी द्या की." नागाबाई आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तांब्याला बाहेरून घाम फुटला होता. कडक उन्हाळ्यात बोअरचं पाणी इतकं गार?

गप्प बसली तर तिची जागा पक्की होती. बोलली तर चूक तिच्याच माथी, कारण पाणी आणणारी तीच होती.

"सर, हिरवा नका देऊ."

सरांनी चष्मा काढला. सर ओरडत नसत. चष्मा काढत, त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

"बायांनी मला विकतच्या जारचं पाणी दिलं असावं. मी पाहुणी म्हणून गेले, आणि पाणी मागितलं. पाहुणीला कुणी बोअरचं देतं का?"

"असावं?"

"अंदाज आहे सर."

"अंदाजावर अहवाल बदलू?" सरांनी चष्मा पुन्हा लावला. "उद्या जाऊ. मी स्वतः येतो. पाणी हेच निघालं, तर मात्र..."

वाक्य त्यांनी तिथंच ठेवलं. राजकन्येनं ते रात्रभर वेगवेगळ्या प्रकारे पूर्ण करून पाहिलं. एकही प्रकार बरा निघाला नाही.

सकाळी जीप निघाली. लोहा येईपर्यंत मुनीबनं दोन विनोद केले. कुणी हसलं नाही म्हणून तिसरा त्यानं गिळला. अहमदपूरला चहासाठी थांबले, तेव्हा मल्लिकार्जुन नुसताच "चार" म्हणाला. समाजाचा वेगळा मोजला नाही. तिला ते जास्त लागलं.

नागाबाई दारातच भेटली. "अगं बया, राजकन्या! आन् सरांला बी आणलीस? बसा वो, बसा." आणि कुणी तोंड उघडायच्या आत तांब्या हजर. घाम फुटलेला.

"मावशी, तुम्ही रोज पिता ते पाणी पाहिजे," सर म्हणाले.

"हेच की."

"बोअरचं?"

"हाव. बोअरचंच."

मुनीबनं नळी भरली, थेंब टाकले. सगळे वाकून बघू लागले. गुलाबी. आणखी थोडं थांबले. गुलाबीच.

सरांनी चष्म्याला हात घातला. मल्लिकार्जुन छपराकडे बघू लागला. मावशी खोटं बोलतेय हे राजकन्येला कळत होतं, आणि का बोलतेय हेही. दारात प्रोफेसर बसलाय आणि त्याच्यासाठी पाणी विकत आणावं लागतं, हे कोणती बाई कबूल करील?

ती नागाबाईजवळ जाऊन बसली. "मावशी, मागच्या वेळी तुम्ही मला काय म्हणला होता?"

"काय म्हणले? लेकीसारखी हायेस म्हणले."

"मग लेक उन्हातून आली आन् पाणी मागितलं, तर काय म्हणला असता?"

"लेकीला?" नागाबाई हसली, पदर तोंडावर गेला. "लेकीला कशाला द्यायचं? म्हणले असते, तुला हात न्हाईत का, जा, घे रांजणातलं."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

राजकन्या उठली. अंगणाच्या कोपऱ्यात रांजण होता. तिनं स्वतःच्या हातानं पाणी काढलं आणि नळी भरून मुनीबपुढे धरली. त्यानं ती घेतली. थेंब पडले. गुलाबी रंग जरा वेळ टिकला, कडेनं फिकटला, आणि बघता बघता नळी पिवळीधमक झाली.

राजकन्या हसणारच होती, तेवढ्यात नागाबाईनं विचारलं, "आमचं पाणी नापास झालं का वो?"

मुनीबकडे प्रत्येक गोष्टीवर विनोद असायचा. त्यानं नळीला बूच लावलं.

"हे गार पाणी कुणासाठी घेता?" सरांनी हळूच विचारलं.

"आल्यागेल्याला."

"आणि घरचे?"

"घरचे काय पाहुणे हायेत?"

सरांनी रांजणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "राजकन्या, बाकीच्या गावांतही असंच मागितलंस?"

"हो सर."

"म्हणजे हिरवी केलेली सगळी गावं परत."

"हो सर."

"बैठकीत मी तसं सांगतो. पुढच्या आठवड्यात तू निघ. आणि या दोघांना बरोबर ने. पाणी मागायचं कसं, ते यांनाही शिकव."

मल्लिकार्जुननं मान हलवली. "बाई, जीपमधी पुढं तूच बस," एवढंच म्हणाला.

तांब्यात अजून गार पाणी होतं. राजकन्येनं तो नागाबाईपुढे सरकवला. "मावशी, हे तुम्ही प्या."

"मी कशाला?" नागाबाईनं तांब्या उचलला आणि मुनीबकडे वळली. "पाहुणे बसलेत की अजून."