पाहुण्यांचा त्रिफळा

उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना बॉलरनं क्लीन बोल्ड केलेलं तुम्ही कधी पाहिलंय?

नसणारच. आपल्याकडं तशी सोयच ठेवलेली नाही. पाहुणे बॅट घेतात, बॉलर लिंबू फेकल्यासारखा बॉल टाकतो, पाहुणे टोलवतात, टाळ्या पडतात. लोक याला शिष्टाचार म्हणतात. मी क्रिकेट कोच आहे. मी याला लाचारी म्हणतो.

त्या सकाळी लातूरच्या मैदानावर आम्ही मोबाईल स्टँडला लावला होता. पलीकडे डेन्मार्कच्या एका क्लबचा कोच लाईव्ह. अलीकडे माधव, नायगावचा डावखुरा स्पिनर. जिल्ह्यात ढिगानं विकेटा, पण वरच्या निवडीत दरवर्षी ‘पुढच्या वेळी बघू’. म्हणून त्यानं देशच बदलायचं ठरवलं. क्लबनं घेतलं, की तीन वर्षं तिथं राहून त्या देशाकडून खेळता येतं. क्लबला फक्त अर्ध्या तासाची ट्रायल बघायची होती. माधव तिशीला टेकलेला. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

मैदान एका संस्थेचं; माझी पोरं तिथंच सराव करायची. अध्यक्ष अण्णा. त्यांची परवानगी घेतली आणि तिथंच फसलो. सकाळी गेटवर फ्लेक्स: ‘डेन्मार्क संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. निवड अजून व्हायची होती. माधवचा फोटो तिकिटाएवढा, अण्णांचा दाराएवढा.

नारळ फुटला. शाली झाल्या. मग अण्णांनी बॅट मागितली.

“एकच बॉल खेळतो, कोच. उद्घाटन म्हणून.”

माधवनं रिवाजाप्रमाणं हळू बॉल टाकला. अण्णांनी चौकार मारला. कार्यकर्ते नाचले. तेवढ्यात कुणीतरी अण्णांच्या कानात सांगितलं, की हे सगळं परदेशात दिसतंय. अण्णांनी धोतराचा सोगा खोचला.

“टाक रे आजून. लई सोपा टाकतोस.”

दुसरा चौकार. तिसरा. मोबाईलमधला कोच पुढं वाकला. त्यानं मला विचारलं, “हा बॅट्समन कोण? वय काय?”

“साठीच्या पुढं.”

“चांगला खेळतो. पण तुमचा बॉलर कुठाय? वेळ संपत आलीय.”

मी धावत माधवकडं गेलो. “आर्म बॉल टाक.” आर्म बॉल म्हणजे वळेलसा वाटतो, पण वळत नाही, सरळ आत घुसतो.

“सर, अण्णा मैदान बंद करतील की.”

“तू तर चाललास!”

“मी चाललो. मागं पोरं हायत न्हवं.”

त्यानं बॉल बोटांत फिरवला. मग म्हणाला, “पण पोरांनी हेच शिकायचं का सर, लिंबू फेकायचं?”

त्यानं बॉल टाकला. मधला स्टंप उखडून कीपरच्या पायाशी पडला. अंपायर होते संस्थेच्याच शाळेतले पीटीचे मास्तर. त्यांचा हात आपोआप आडवा झाला. “नो-बॉल!”

माधव हसला. पुढच्या बॉलला पाय रेषेच्या वीतभर मागं ठेवला. पुन्हा स्टंप गेला.

“वाईड!” मास्तर ओरडले.

“तुमच्याकडं स्टंप उडाला की वाईड देतात?” मोबाईलमधून प्रश्न आला.

“उद्घाटनाला देतात,” मी म्हणालो.

शेवटी अण्णांनाच राहवलं नाही. “मास्तर, आता काय डेड बॉल देताव का? औट हाव मी.” बॅट टाकून ते गाडीकडं निघाले. जाता जाता मला म्हणाले, “मैदानाचं बघू.”

मग आमचे खरे बॅट्समन उभे राहिले. उरलेल्या वेळात माधवनं त्यांना पार नाचवलं.

क्लबनं माधवला घेतलं. तिकडचा कोच म्हणाला, असल्या अंपायरिंगसमोर जो डोकं शांत ठेवतो, त्याला आमची थंडी काही करणार नाही. इकडं मैदान दुसऱ्याच दिवशी ‘दुरुस्तीसाठी’ बंद झालं. दुरुस्ती अजून सुरू झालेली नाही. आम्ही रेणापूरला एका शेतकऱ्याच्या पडीक रानात नेट बांधलंय. तिथं उद्घाटन केलं नाही.

आपल्याकडं बॉलर तयार होत नाहीत, हे खोटं आहे. तयार होतात. मग त्यांना आपणच हळू टाकायला लावतो आणि ते देश सोडून गेले की फ्लेक्स लावतो.

तेव्हा एक करा. पुढच्या टुर्नामेंटला पाहुणे बॅट घेऊन उभे राहिले, की टाळ्या वाजवू नका. बाउंड्रीवरून मोठ्यानं ओरडा: “ए, खरा बॉल टाक!”