खायला न मागणाऱ्या वस्तू

कुसुमवन्संनी गाडीच्या डिकीत एक काळी छत्री बावीस वर्षं ठेवली होती. गाडी अबुधाबीत. माझ्या या थोरल्या नणंदेने लग्न केलं नाही; खलिफा सिटीत आमच्याकडेच राहायच्या. घरातून काही टाकायला काढलं, तुटका हँगर असो की झाकण हरवलेला डबा, की म्हणायच्या, "राहू दे गं, खायला मागत नाही."

मी तेव्हा अठ्ठावन्नची, म्हणजे तरुण आणि हुशार. आमच्या तंबूला पावसाचं कव्हर होतं. वाळवंटात ते कोण घालतंय? एका दुपारी मी ते कापून बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनला झबलं शिवलं. वन्संनी बघितलं, आपलं वाक्य म्हटलं.

"वन्सं, इथे पाऊस पडतो कुठे?" मी म्हटलं.

पडला. जॉर्जियात. सुट्टीत मुलगा निखिल आम्हाला तिथल्या काळ्या समुद्राकाठच्या पावसाच्या जंगलात घेऊन गेला, आपलाच तंबू घेऊन. सामानाची यादी माझी. "माझ्या यादीतून काही सुटत नाही," हे मी आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं होतं. वन्संनी छत्री बॅगेत कोंबली तेव्हा हसलेही होते.

चहाच्या वेळी धार लागली. तंबूला वर नुसती जाळी.

"यल्ला, चला चला, कव्हर काढा!" निखिलने पिशवी उलटी केली. "कुठंय? कोणी काढलं?"

मी एका झाडाचं बारकाईने निरीक्षण करू लागले.

"मी फेकलं," वन्सं म्हणाल्या.

"आत्याआजी, सीरियसली?" नात किंचाळली. "यू कीप एव्हरीथिंग!"

"एवढं एकच फेकलं बाई." त्यांनी छत्री उघडली आणि मला आत ओढलं.

सकाळी जंगलात फिरायला निघालो. खोडांवर हातभर शेवाळ, फांद्यांवर नेचे, सगळं ठिबकत होतं. उन्हाचा पत्ता नव्हता, तरी वन्सं अबुधाबीच्या सवयीने सावली धरून झाडांच्या कडेकडेने चालत होत्या. मी हळूच विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुझी यादी भिजली असती. आता कुणाला सांगू नकोस. ठेव मनात, खायला मागत नाही."

तेव्हापासून घरात काही सापडलं नाही की निखिल म्हणायचा, "आत्याने फेकलं असेल." सुतळीचा तुकडाही न टाकणारी बाई हसून ऐकून घ्यायची. मी शोधायला मदत करायचे. निखिल मशीनपाशी कधी फिरकला नाही, म्हणून निभावलं.

मागच्या वर्षी वन्सं गेल्या. मशीन दोनदा बदललं, झबलं तेच आहे. छत्री डिकीत आहे. दोन्ही बिचारी काही मागत नाहीत. मनात ठेवलेलं मात्र रोज खायला मागतं.

निखिल, कव्हर मी कापलं.