आयेला लागणारी गाडी

समस्त नातेवाईक, शेजारी आणि सायलेन्सरधारक जनहो, सावधान होऊन ऐका! रविवारी सकाळी अंधेरीहून मुलुंडकडे एक ऐतिहासिक मोहीम निघाली: माझा मित्र दत्ता, त्याची आये (आई), मी आणि मुशीचा डबा. मुशी म्हणजे बाळंतिणीला दूध यावं म्हणून खाऊ घालतात तो छोटा शार्क. मुलुंडला दत्ताच्या नातीचं बारसं होतं, आणि आयेने पणतीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं.

कोळीवाड्यातून निघताना गाडी खालून फुटफुटत होती.

"थंड आहे रे. तापली की गप होते," दत्ता म्हणाला. झालीही. मग त्याने काचा चढवून एसी लावला. मी मुद्दाम मागे आयेजवळ बसलो, कारण गप्पांची खाण तीच. पण पवईचा तलाव डावीकडे चमकू लागला तेव्हा ती डोळे मिटून कपाळ दाबत होती.

"गाडी लागते तिला, दर वेळचं आहे," दत्ता आरशात बघत म्हणाला. "आये, लिंबू हुंग. आणि त्या मुशीचं झाकण घट्ट लाव ना!"

"मुशीला नावं नको ठेवू रं," ती पुटपुटली. "मना होरीन (होडीत) कवा लागलं नाय. तुझे गारीनच लागतं."

विक्रोळीला दत्ताने निकाल दिला. "तुला इथे मावशीकडे सोडतो. बारशाचे फोटो दाखवीन."

 आयेने डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

एव्हाना माझंही डोकं ठणकत होतं, आणि मला तर घाटातसुद्धा कधी गाडी लागलेली नाही! 'गाडी लागते' म्हटलं की आपण माणसाचं पोट तपासतो, गाडीचं कोणी तपासत नाही. मी नाटकातल्या राजासारखा ओरडलो, "थांबव रथ!"

आयेला खाली उतरवून सावलीत बसवलं. दत्ताला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि जाड ओलं फडकं दोनच क्षण सायलेन्सरच्या तोंडावर दाबलं. मागची वाट अडताच पुढच्या सीटखालून फसफस ऐकू आली. वाकून बघतो तर पाइपच्या जोडावर काजळी.

"पण धूर कुठे दिसतो यार?" दत्ता म्हणाला.

"निळा दिसला तर ऑइल जळतंय, काळा दिसला तर पेट्रोल जास्त जातंय. जीव घेणारा वायू दिसत नाही रे! धातू तापून फुगला की फट थोडी मिटते, आवाज दबतो. वायू मात्र आत येतच राहतो. तू तुझ्या आईला धुरी देत होतास!"

दत्ताचा चेहरा उतरला. काचा उघड्या ठेवून आम्ही जवळचं गॅरेज गाठलं. जोडातलं गॅस्केट फुटलं होतं, गाडीच्या तळाचा पत्राही गंजून फुटला होता. ते बदलून वेल्डिंग होईपर्यंत आम्ही उसळपाव हाणला. आयेने दोन प्लेट संपवल्या, तेव्हाच मी निदानावर शिक्का मारला.

मुलुंडला पणती तिच्या मांडीवर झोपली, मुशीचा डबा चाटूनपुसून साफ झाला.

परतताना मला वाटलं, मोठ्या प्रवासांत माणूस नवे देश बघतो. आयेने आपल्या मुलाचं ड्रायव्हिंग आज पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी बघितलं. "हलू रं! रिक्षा बग! बिरेक काय पाय टेकाला दिलाय?" विक्रोळीपासून पवईपर्यंत तिने श्वास घेतला नाही. शेवटी दत्ता स्टीअरिंगवर हात आपटून ओरडला,

"आये, जरा झोप ना गं!"