शाल, श्रीफळ आणि पोप

ऑकलंडच्या विमानतळावरून पुकेकोहेला जाताना नजरेत भरली ती माती. तांबूस, भुसभुशीत, आणि तिच्यात लांबवर कांद्याच्या ओळी. "आई, काच वर कर ना, गार लागतंय," लेक म्हणाली. मी काच वर केली.

लेकीच्या घरामागेच रतनभाईंचं शेत होतं. मी पोचले तेव्हा तिथं नवी घरं उभी होती. रतनभाई गुजराती, आजोबांपासून इथं भाजी पिकवणारे. जमीन भाड्याची, मालकानं विकली आणि माझ्या जावयाच्या, निखिलच्या, कंपनीनं घेतली. डेअरीत (म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात) दूध आणायला गेले की ते भेटायचे. "किआ ओरा, बेन!" (किआ ओरा म्हणजे इथला माओरी नमस्कार.) त्यांच्या पिशवीत विकतचे बटाटे असायचे.

शनिवारी निखिलनं ऑकलंडला चित्रं पाहायला नेलं. एका जुन्या छापचित्रापाशी मी थबकले. फ्रान्सच्या सम्राटाचा राज्याभिषेक, मागे खुर्चीत पोप. रोमहून मुद्दाम बोलावून आणलेला. मुकुट सम्राटानं स्वतःच्याच हातानं चढवला. पोपनं नुसतं बसायचं. चित्रात आधी पोपचे हात मांडीवर होते, मग सम्राटानं चित्रकाराला पोपचा हात आशीर्वादासाठी उचललेला दाखवायला लावला, असं सांगतात. पुढे याच पोपला त्यानं कैदेत टाकलं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. वर्गात हे चित्र दाखवताना दर वेळी माझं डोकं तापायचं. "उठून का नाही गेला हा मेला?" मी मोठ्यानंच म्हणाले.

"आई, हळू," निखिल म्हणाला. "बरं, उद्या आमच्या घरांचं ओपनिंग आहे. रतनभाईंचा सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ देऊन. आयडिया माझीच. तुम्ही सगळ्यात सीनियर, शाल तुम्हीच घालायची."

"ज्याच्या पायाखालची जमीन काढलीत, त्याला शाल?"

"रिस्पेक्ट म्हणून हो."

रिस्पेक्ट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी लेकीनं चहा देताना एवढंच सांगितलं, "कंपनी माणसं कमी करतेय, आई. निखिलसाठी कर. रतनभाईंचा मुलगापण तिथंच लागलाय."

रविवारी मांडव, समोसे, साहेबाचं भाषण. इस्त्रीच्या शर्टातले रतनभाई खुर्चीत अवघडून बसले होते. मी शाल हातात घेऊन उभीच राहिले. माईकवाला थांबला, निखिलचा चेहरा उतरला. शेवटी रतनभाईंनीच मान वाकवली आणि हलकेच म्हणाले, "डाल दो, बेन. आपका दामाद है, मेरा बेटा है."

मी शाल घातली. टाळ्या पडल्या.

पुण्याला परतून आठवडा झाला. शेजारणी विचारतात, कसं आहे न्यूझीलंड? देखणं आहे, माणसं गोड आहेत, मी सांगते. संताप मात्र उतरत नाही, आणि तो आता माझ्यावरच आहे. निखिलनं समारंभाचा फोटो पाठवलाय. रतनभाई खाली बघतायत. मी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय.