बिनतोंडाचा फिरंगी

अविनाश गेल्याचं मला इथे अमेरिकेत, आमच्या सनीव्हेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कुणीतरी जुना सोफा विकायला काढला होता, त्याच्याखाली ती बातमी आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. तो असता तर म्हणाला असता, "बघ, पलटण कशी एका दमात सलामी देते!" मीही तेच हात टाकले आणि मीटिंगला गेलो. इतक्या वर्षांचा मित्र, आणि मी मीटिंगला गेलो...

थंड गॅरेजमध्ये मरून रंगाची कानटोपी घालून तो शिशाचे सैनिक रंगवायचा. पेशवाईतल्या मराठी सरदारांच्या कवायती पलटणी. शिपायांच्या मिशांचा पीळसुद्धा सोडायचा नाही. त्यांच्यावरच्या भाडोत्री फिरंगी अधिकाऱ्यांचे कोट, बटणं, बूट झकास. तोंड मात्र कोरं. "आपला पगार खाल्ला, जहागिरी खाल्ल्या, आणि इंग्रजांशी लढायची वेळ आल्यावर पेन्शनसाठी त्यांनाच जाऊन मिळाले. असल्यांना तोंड कशाला?" हे तो थुंकल्यासारखं बोलायचा.

मी सिटिझनशिप घेतली तेव्हा त्याच्याकडे पेढे घेऊन गेलो. त्याने डब्याला हात लावला नाही.

"शपथेत काय म्हणालास?"

"परकीय राजाशी असलेलं इमान सोडतो वगैरे. फॉर्मॅलिटी आहे यार, सगळेच म्हणतात."

त्याने एक कोरा फिरंगी उचलून माझ्यासमोर ठेवला. "हा तू."

"आणि तू कोण रे? तुझा पगार काय पुण्याहून येतो?"

त्याने ब्रश उचलला. मी डबा तिथेच टाकून निघालो. पुढे तो आजारी असल्याचं कळलं. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणत राहिलो. खरं कारण वेगळंच होतं. त्याच्या नजरेत मी अजून तोच कोरा फिरंगी आहे का, हे बघायची माझ्यात हिंमत नव्हती. पळून जाण्यात मी त्या फिरंग्यांच्याही पुढचा निघालो.

परवा वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, हे सैनिक तुम्हीच न्या. मुलगी डोनेट करायचं म्हणतेय."

फळीवर मी होतो, तसाच कोरा. शेजारी एक नवा फिरंगी होता. लाल कोट, पितळी बटणं... आणि डोक्यावर मरून कानटोपी. तोंड नव्हतं.

"शेवटचा तोच," वहिनी म्हणाल्या. "अंथरुणात बसून रंगवला. मी म्हटलं, अहो, तोंड राहिलं. तर म्हणाले, राहू दे, त्याला सोबत होईल."

आता ते दोघे माझ्या मॉनिटरशेजारी असतात. कॉलवर "येस, ॲब्सोल्यूटली" म्हणताना मी तिकडे बघत नाही.